हप्ता भरला, पण लिहिला कुठे?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला कोषाध्यक्ष ताई उशिरा आल्या आणि वही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "यापुढे हिशेब दुसऱ्या कुणीतरी बघा." चौदा वर्षांत जिचा एक हप्ता चुकला नाही, जिने दुसरीचाही चुकू दिला नाही, त्या बाईने असं म्हणावं? खोदून विचारलं तेव्हा कळलं. ताई ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. लग्नसराईच्या आधी अस्तर, लेस, धागा घाऊक आणावा लागतो आणि गिऱ्हाइकांचे पैसे हातात येतात लग्नं उरकल्यावर. क्रेडिट कार्डावर माल घेतला की जवळजवळ दीड महिना व्याज लागत नाही, असं पुतण्याने सांगितलं, म्हणून त्यांनी एका बँकेत अर्ज केला. आठवड्याभरात मोबाइलवर दोन ओळी आल्या: बँकेच्या धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो! "ताईंचंच कुठेतरी थकलं असेल," असं कुणी तरी बोललं आणि ते नेमकं त्यांच्या कानावर गेलं.

मैत्रिणींनो, हल्ली कर्ज नाकारलं की "सिबिल खराब आहे" असं म्हणून लोक मोकळे होतात. सिबिल ही २००० साली सुरू झालेली कंपनी. पुढे २००५ मध्ये अशा कंपन्यांसाठी कायदा झाला आणि आज देशात त्या चार आहेत. कुणी कुठून कर्ज घेतलं, हप्ते कधी भरले, ही माहिती बँका त्यांना कळवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा निघतो. तुमचा संपूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर गुण कमी होत नाहीत, ही भीती आधी काढून टाका. पुतण्याला हाताशी धरून आम्ही ताईंचा अहवाल काढला.

पाहिलं तर त्यात त्यांचं आयुष्यच नव्हतं! शिलाई मशीनसाठी पतसंस्थेतून घेतलेलं कर्ज त्यांनी मुदतीच्या आधी फेडलं होतं, त्याचा उल्लेख नाही. कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत. त्यांची माहिती सहसा या कंपन्यांपर्यंत जातच नाही. गटाचं बँकेतलं कर्ज गटाच्या नावावर. सभासदांची माहिती बँकांनी गोळा करून कळवावी असं रिझर्व्ह बँकेने २०१६ सालीच सांगितलं आहे, पण ताईंच्या अहवालात ती नव्हती. घराच्या कर्जाचे निम्मे हप्ते त्यांच्या शिलाईतून गेले, कर्ज मात्र एकट्या यजमानांच्या नावावर. भिशी, किराणा दुकानाची वही, वेळेवर भरलेलं वीजबिल यांना तर तिथे कोण विचारतो? आपण ज्याला पत म्हणतो ती गल्लीला माहीत असते. बँकेला माहीत असतं ते फक्त लिहिलेलं.

आणि लिहिलेलं काय होतं? दिराच्या मोटारसायकलचं कर्ज. तीन वर्षांपूर्वी "वहिनी, नुसती सही करा" म्हणून ताईंना जामीनदार केलं होतं. दिराने मध्ये काही महिने हप्ते लांबवले. तो सगळा उशीर ताईंच्या अहवालात महिन्यागणिक मांडलेला! गेल्या दिवाळीत कर्ज पूर्ण फिटलं, तरी तिथे अजून थकबाकी दिसत होती. १८७२ च्या करार कायद्यात स्पष्ट आहे की, वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. नुसती सही असा प्रकारच कायद्यात नाही. घरच्या माणसाला "नाही" म्हणणं किती कठीण असतं हे मी जाणते, मीही अशा दोन सह्या केल्या आहेत. पण सही केलीच, तर हप्ता गेला का हे दर महिन्याला विचारायचा हक्कही आपलाच. त्यात कसला आलाय संशय?

नावाचं आणखी एक त्रांगडं. ताईंचं पॅन कार्ड माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. आपल्याकडे लग्नात मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. नोंदी जुळवताना एकाच बाईची दोन माणसं होऊ शकतात. पुरुषांना हा त्रास सहसा नसतोच.

अर्थात, प्रत्येक नकार त्या आकड्यामुळेच येतो असं नाही. आकडा उत्तम असूनही कार्ड मिळत नाही, कारण बँक उत्पन्न बघते आणि शिलाईचे पैसे रोखीत येतात. विवरणपत्र भरलेलं नाही, पगाराची चिठ्ठी नाही. काही बँका ठरावीक शहरांतच कार्ड देतात, आपला पिनकोड त्यांच्या यादीतच नसतो. त्यात ताईंच्या पुतण्याने उत्साहाने आणखी तीन ठिकाणी मोबाइलवरून अर्ज टाकले. अशा प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि एकापाठोपाठ चौकशा दिसल्या की ही बाई पैशांसाठी वणवण करतेय, असा अर्थ लावला जातो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत सांगितलं की, रिझर्व्ह बँकेने किमान गुणांची अट घातलेली नाही आणि पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून फेटाळू नये. ऐकून बरं वाटलं. पण ताईंसारखीची नोंद कोरी नाहीच. तिथे तिचं स्वतःचं काही नाही आणि दुसऱ्याचं थकलेलं आहे. तिला या वाक्याचा काय उपयोग?

तिला उपयोग आहे तो दोन जुन्या नियमांचा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांसंबंधी निर्देश काढले. अर्ज नाकारल्यास त्याचं कारण लेखी कळवावं, असं त्यात आहे. "धोरणानुसार" हे काही कारण झालं नाही, म्हणून आम्ही बँकेला पत्र दिलं. दुसरा नियम दुरुस्तीचा. चुकीच्या नोंदीची तक्रार फुकट करता येते आणि ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तिथेही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मात्र खरोखर झालेला उशीर पुसला जात नाही. चुकीची थकबाकी जाईल, ते उशिराचे महिने काही काळ तसेच दिसत राहतील. ताईंना हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

कार्ड घ्याच, असं मी कुणाला सांगणार नाही. बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं, सावकार परवडला म्हणायची वेळ येते. पण स्वतःच्या नावाची नोंद सुरू करायची असेल, तर काही बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात, त्यात उत्पन्नाचा दाखला सहसा आड येत नाही. ताईंनी पंधरा हजारांची ठेव ठेवायचं ठरवलंय, यजमानांना विचारून नव्हे, सांगून.

दिराने कर्ज फिटल्याचा दाखला शोधून दिला, काहीसा खजील होऊनच. तक्रार करून आज अकरा दिवस झाले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती ताईंनी लाल गोल केलाय. गटाची वही मी त्यांच्या पिशवीत परत ठेवली आहे. त्यांनी ती काढून ठेवलेली नाही.