कचोरीवर ठपका, गोळीवर भरवसा

शेगावची कचोरी उगाच बदनाम झाली आहे. अकरावीतलं पोरगं छातीत जळजळतंय म्हणालं की घरचे आधी कचोरीवर घसरतात, मग ठेच्यावर. आणि खरं भांडण लागतं ते गॅसच्या गोळीवरून.

‘एवढ्या कोवळ्या वयात गोळ्या? सवय लागेल,’ हा एक पक्ष. तो बहुधा आजीचा असतो, म्हणून त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. घालायला हवा. जेलुसिल, डायजिन या जातीच्या औषधांत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमची संयुगं असतात. ती पोटातल्या आम्लाला तिथल्या तिथे मारतात, काही मिनिटांत जळजळ शमते आणि तास-दोन तासांत औषधाचं काम संपतं. यात सवय लागण्याजोगं काही नाही. 12 वर्षांवरच्या, एरवी धडधाकट मुलाने लग्नाच्या पंगतीनंतर किंवा परीक्षेच्या धामधुमीत पाकिटावर छापलेल्या मात्रेत दोन-चार दिवस ते घेतलं, तर काही बिघडत नाही. आजीचं थंड दूध जास्त सात्त्विक वाटतं खरं. पण त्याने घटकाभर बरं वाटतं आणि मग त्याच दुधामुळे पोट नव्याने आम्ल सोडू लागतं. ठेच्याने अल्सर होतो हेही जुनंच. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक अल्सरांमागे एक जिवाणू असल्याचं दाखवून दिलं, त्यासाठी मार्शल यांनी 1984 मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला, आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ठेचा जळजळ वाढवेल, पण अल्सरचा आरोप त्याच्यावर टिकत नाही.

दुसरा पक्ष मला जास्त धोक्याचा वाटतो. तो म्हणतो, ‘गॅसची तर गोळी आहे, घे रोज एक.’ इथे घोटाळा असा की मेडिकलवर ‘गॅसची गोळी’ मागितली की अनेकदा हाती पडते पॅन्टोप्राझोल. हे वरचं औषध नव्हेच. ते आम्ल मारत नाही, आम्ल तयार करणारी यंत्रणाच बंद पाडते. पूर्ण गुण यायला दिवस लागतात, जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं आणि कायद्याने त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. खऱ्या आम्लपित्ताच्या आजारात डॉक्टर मुलांनाही ते काही आठवडे देतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती क्लासच्या बॅगेत कंपासपेटीशेजारी पडलेल्या पाकिटाबद्दल. महिना-दोन महिने रोज घेऊन एकदम बंद केलं की आम्ल उसळी मारतं, आणि पोरगं म्हणतं, ‘बघ आई, गोळीशिवाय जमतच नाही.’ आजीचं ‘सवय लागेल’ इथे मात्र खरं ठरतं. तिने गोळी तेवढी चुकीची धरली.

‘निरुपद्रवी’ या शिक्क्याचंही तसंच. रॅनिटिडीन कालपर्यंत घरोघरी होतं. 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, 2022 मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेलं. पॅन्टोप्राझोलच्या जातीतल्या औषधांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला इजा होण्याचा इशारा घाला, असं 2019 मध्ये आपल्याच औषध महानियंत्रकांनी सांगितलं. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या रोगाने माणसं गेलेली घरं आहेत. तिथे हा इशारा बारीक अक्षरातला राहू नये. मूत्रपिंड अधू असेल तर साधं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमही चालत नाही, आणि खाण्याचा सोडा फाकणं म्हणजे वर आणखी सोडियम.

एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या गावीही नसते. शाळेत आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी, लोहाची निळी गोळी मिळते. लोह अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. नववीतल्या मुलीने तिच्या आगेमागेच गॅसचं औषध घेतलं, तर निळी गोळी बरीचशी वाया जाते. मुरुमांवरच्या डॉक्सिसायक्लिनचंही तेच. दोहोंत निदान दोन तासांचं अंतर हवं.

म्हणून माझं म्हणणं: साधं औषध द्या, पण मुदत ठरवून. दोन आठवडे ही वरची हद्द. त्या दिवसांत पोरगं काय करतं तेही बघा. पहाटेची एसटी गाठायला उपाशी निघतं, दुपारपर्यंत चहावर काढतं, रात्री अकराला जेवून आडवं होतं. पाळीच्या दुखण्यावर मुलगी रिकाम्या पोटी वेदनाशामक घेते. मुलगा चोरून खर्रा खातो. यातलं काहीच गोळीने सुटत नाही.

आणि काही वेळा मुदतीची वाटही पाहायची नसते. रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं, झोपेतून उठवणारं दुखणं, बेंबीपासून सरकत उजवीकडे खाली गेलेली कळ: अशा वेळी गोळी न देता थेट दवाखाना गाठायचा. शौच काळी झाली तरी तेच. लोहाच्या गोळीनेही ती काळी होते, तेव्हा ती चालू असेल तर डॉक्टरांना आधी तेवढं सांगा.