पोरांच्या पिशव्या तपासता, ट्रक कधी तपासणार?

गेल्या आठवड्यात आपल्या भागातल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला, बहुतेकांनी पाहिला असेल. कॉलेजची चार पोरं डोंगराच्या पायथ्याशी नाल्याकाठी तंबू ठोकून दोन रात्री राहिली. परतताना त्यांना अडवलं आणि पाठीवरच्या पिशव्या भर रस्त्यात रिकाम्या करायला लावल्या. निघालं काय? मॅगीची रिकामी पाकिटं, ओले टॉवेल, एक हातोडी आणि तीन-चार किलो गारगोट्या. व्हिडिओवर मथळा मात्र ‘खनिज तस्करांची टोळी जेरबंद’. खाली शे-दीडशे कमेंट. यांना आत टाका, निसर्गाचे लुटारू, वगैरे.

मी त्या पोरांशी बोललो. गुन्हा दाखल नाही, पंचनामा नाही, पावती नाही. गारगोट्या तेवढ्या ठेवून घेतल्या. कोणत्या कायद्याखाली, हे विचारायची पोरांची हिंमत झाली नाही. एक पोरगा भूगर्भशास्त्र घेऊन बीएस्सी करतोय. म्हणाला, “सर, पुस्तकात स्टिलबाइटचं चित्र आहे, म्हटलं आपल्याकडे खरं मिळतंय तर हातात घेऊन बघावं.” हा आपला तस्कर.

आता ज्या रस्त्यावर या पोरांना अडवलं, त्याच रस्त्यानं रोज खडीचे डंपर जातात. आणि अधूनमधून एखादी पिकअप जाते, तिच्यात गवताचा पेंढा आणि जुन्या गोधड्या असतात. पेंढ्यात काय गुंडाळलंय हे आपल्याकडच्या दहावीतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती पिकअप थांबवल्याचा व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही. कुणाकडे असेल तर टाका.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण ज्या काळ्या कातळावर राहतो तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकात झिरपणाऱ्या गरम पाण्यातून त्या पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, पांढऱ्या सुयांसारखा स्कोलेसाइट, काचेसारखा अपोफिलाइट. पुण्याच्या पाषाणचा हिरवा अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट जगभरचे संग्राहक नावानं ओळखतात. आपल्याला वाघोली माहीत आहे ती फ्लॅटच्या जाहिरातींमुळे. नाशिक, जळगाव, संभाजीनगर, अहिल्यानगर या सगळ्या पट्ट्यात विहीर खणा, बोगदा काढा, खाण फोडा, कुठे ना कुठे पोकळी लागतेच.

हे जगाला आज कळलेलं नाही. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तो खोदताना निघालेले नमुने तेव्हाच विलायतेला पोचले आणि तिथल्या संग्रहालयांत जाऊन बसले. घाट फोडताना कॉलऱ्यानं आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुठे नाहीत. दगडांच्या खाली मात्र गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी आहे.

दीडशे वर्षांनंतर काय बदललं? आपल्या तालुक्यात विहिरीचं काम करणारा एक माणूस आहे, नाव सांगत नाही, त्याला उद्या काम मिळायला हवं. बाप-आजा दगडातच गेले. तो सांगतो, चाळीस फुटांवर सुरुंग उडवला, धूर निवल्यावर खाली उतरला, तर भिंतीत माणूस बसेल एवढी पोकळी आणि आत सगळं झगमगतंय. वर आला, फोन केला. तासाभरात माणूस हजर, सोबत पेंढा. पहाटेपर्यंत पोकळी मोकळी. याच्या हातावर पाच हजार, विहिरीच्या मालकाला दोन हजार आणि ‘कुठे बोलायचं नाही’. पुढे तो माल किती हातांतून गेला, शेवटी काय भाव आला, याचा कागद कुठेच नाही. या धंद्यात भाव फक्त एका बाजूला ठाऊक असतो, आणि ती बाजू विहिरीत उतरत नाही.

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीपासून अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसान गावी दगडांचा मोठा बाजार भरतो. तिथे टेबलांवर आपले जळगाव, नाशिक मांडलेले असतात. नमुन्याखाली गावाचं नाव असलं की किंमत वाढते म्हणे. म्हणजे नाव गावाचं विकलं जातं, आणि गावाच्या ग्रामपंचायतीला घरपट्टी वसूल होत नाही म्हणून दिवाबत्तीचं बिल थकलेलं. (तिकडे स्कोलेसाइट शांत झोप लागावी म्हणून उशाशी ठेवतात. सुरुंग लावणाऱ्याला एखादा द्यायला हवा होता.)

व्यापाऱ्यांची बाजू मला माहीत आहे आणि ती अगदीच खोटी नाही. ते म्हणतात, आम्ही नसतो तर हा माल क्रशरमध्ये गेला असता. खरंय. क्रशरला स्टिलबाइट कळत नाही, त्याला सगळं पाऊण इंची. हा दगड मऊ, ठिसूळ. अंगठीत बसवायच्या कामाचा नाही, त्याची सगळी किंमत तो न तुटता बाहेर काढण्यात आहे, आणि ती कला या लोकांकडे आहे. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं ‘गारगोटी’ संग्रहालय के. सी. पांडे या एका माणसानं उभं केलं, सरकारनं नाही. ते नसतं तर आपल्याच जमिनीतली ही दौलत बघायला आपल्याला परदेशी जावं लागलं असतं. तेव्हा व्यापारी म्हणजे चोर, असं मी म्हणत नाही. माझा राग अंधारावर आहे. जो व्यवहार दिवसा, पावतीवर होऊ शकतो तो रात्री पेंढ्यात का होतो? कारण दिवसा करायची सोयच आपण ठेवलेली नाही.

कायदा काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८: खनिजावर हक्क सरकारचा. केंद्राचा १९५७ चा खाण कायदा गौण खनिजांचे नियम करायचा अधिकार राज्याला देतो, आणि राज्याचे २०१३ चे नियम आहेत. त्यात मुरूम, वाळू, डबर, खडी यांची ब्रासवर मोजणी. छान. पण ब्रासभर दगडात निघालेला एक नमुना, जो त्या अख्ख्या ब्रासपेक्षा कितीतरी महाग आहे, त्याची वेगळी नोंद मी आजवर पाहिलेल्या एकाही पावतीवर नव्हती. खडीवर रॉयल्टी घ्यायची आणि स्फटिक खडीच्या भावात सोडून द्यायचा, याला महसूल म्हणायचं की दानधर्म? केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा आणला होता, खनिजं आणि जीवाश्मही त्यात होते. मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या. पुढे सामसूम.

आणि जिथे नियमच नसतात तिथे काय होतं, ते बघायला फार लांब जायला नको. आंध्रातल्या कर्नूल-अनंतपूर भागात जोन्नगिरी, तुग्गली, वज्रकरूर ही गावं आहेत. मृगाचे पहिले पाऊस पडले, तांबडी माती धुतली गेली की तिथे शेतांत हिरे शोधायला माणसांची रीघ लागते. शेजारच्या कर्नाटकातूनही येतात. झाडाखाली, देवळाच्या ओसरीवर मुक्काम, सोबत भाकरी, दिवसभर मान खाली घालून वावरं धुंडाळायची. एखाद्याला खरंच सापडतो. मग रातोरात व्यापारी येतो, सांगेल तो भाव देतो आणि जातो. शोधणाऱ्याला वाटतं लॉटरी लागली, शेतकऱ्याची पेरणी तुडवली जाते, आणि सरकारला बातमी पेपरातून कळते. आपलं चाललंय ते हेच, फक्त हिऱ्याऐवजी स्फटिक.

उलट मध्य प्रदेशात पन्नाला जा. तिथे सरकारचं हिरा कार्यालय आहे. वर्षाला २०० रुपये भरून कुणीही ८ मीटर बाय ८ मीटरचा पट्टा घेऊ शकतो. खणा, माती धुवा, खडे निवडा. हिरा सापडला तर कार्यालयात जमा करायचा. तिथे वजन, पारख, लिलाव. रॉयल्टी आणि कर कापून उरलेली रक्कम पट्टेदाराच्या नावावर. मजुरी करणाऱ्या माणसाला लाखो रुपये मिळाल्याच्या बातम्या येतात त्या या पद्धतीमुळे. तिथेही चोरून विकणारे आहेतच, मी पन्नाला रामराज्य म्हणत नाही. पण प्रामाणिक राहायचं ठरवलं तर त्या मजुराला जायला एक खिडकी आहे. आपल्या विहीरवाल्यानं उद्या ठरवलं, की सापडलेला माल रीतसर सरकारला दाखवून विकायचा, तर त्यानं कोणत्या टेबलावर जायचं? तलाठ्याकडे? तलाठी आधी त्यालाच नोटीस काढेल.

आणि हौसेनं तंबू टाकून दगड शोधणाऱ्यांचं काय, तर त्याचंही उत्तर जगात आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात याला फॉसिकिंग म्हणतात आणि त्यासाठी १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे. परवाना एका माणसाला मिळतो, कुटुंबाला मिळतो, शाळा-क्लबांना वेगळा मिळतो. रुबीवेल, सॅफायर, अनाकी या भागात लोक मुलाबाळांसकट रानात मुक्काम करतात आणि माती चाळत बसतात, नीलम सापडेल म्हणून. कुदळ, फावडं, चाळण चालते, यंत्र चालत नाही. दोन मीटरपेक्षा खोल जायचं नाही, बोगदा करायचा नाही, खड्डा बुजवून निघायचं. उल्का आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म, यांना हात लावायचा नाही. जमीन मालकाची असेल तर आधी परवानगी. हे पाळलं तर सापडलेला खडा तुमचा. तिथल्याच एका शाळकरी पोराला १९३० च्या दशकात मोठा काळा दगड सापडला होता, घरच्यांनी तो कित्येक वर्षं दार अडवायला वापरला. पुढे तो ‘ब्लॅक स्टार ऑफ क्वीन्सलँड’ या नावानं जगप्रसिद्ध नीलम ठरला. आपल्याकडे त्या पोराची पिशवी रस्त्यावर ओतली असती.

‘ऑस्ट्रेलियात माणसं कमी, जमीन अफाट, इथे कसं जमेल’ हे कमेंटमध्ये येणार, म्हणून आधीच लिहितो. बरोबर आहे. इथे वीतभर जमीनही कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे किंवा वनखात्याची आहे. राखीव वनातून दगड उचलणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हाच आहे, आणि तो राहावा. लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या कातळाला हातोडी लावणाऱ्याला तर मीच धरून देईन. वेरूळ-अजिंठ्याचा डोंगर हा कुणाच्या शोकेससाठी नाही. ही चार पोरं वनहद्दीच्या बाहेर, नाल्यात वाहून आलेले सुटे दगड गोळा करत होती, म्हणून मी त्यांच्या बाजूनं उभा आहे. डोंगर फोडत असती तर नसतो.

आपले काही निसर्गप्रेमी मित्र म्हणतील, परवाना दिला की झुंबड उडेल. झुंबड आत्ताही आहे, फक्त तिच्याकडे कॉम्प्रेसर आहे. हातोडी घेतलेल्या पोरानं वर्षभरात उचललेले दगड आणि एका खाणीतून एका दुपारी निघणारा माल, यांची तुलना करायची तर तराजू कोणता आणू? आणि खरं सांगू का, डोंगर ओळखणारी पोरं तयार झाली तरच उद्या डोंगर फोडताना कुणीतरी ओरडेल. ज्याला कातळ म्हणजे नुसता दगड वाटतो तो कशाला ओरडेल?

म्हणून मागणी साधी आहे. हौशी लोकांसाठी हाती अवजारांचा स्वस्त परवाना द्या, जागा ठरवून द्या, शेतकऱ्याची लेखी संमती सक्तीची करा. खाणीत किंवा विहिरीत पोकळी लागली तर कळवायला जिल्हा खनिकर्म कार्यालयात एक टेबल ठेवा, आणि कळवणाऱ्याला आरोपी करू नका. नमुन्याचा लिलाव उघड करा. त्यात खणणाऱ्याचा वाटा, जमीनमालकाचा वाटा, ग्रामपंचायतीचा वाटा आधी ठरवा, सरकारचा नंतर. आणि दर वर्षी एक तरी चांगला नमुना तालुक्याच्या शाळेत काचेच्या कपाटात राहू द्या, खाली गावाचं नाव आणि तो काढणाऱ्या माणसाचं नाव लिहून.

सोमवारी मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. पाच वर्षांत जिल्ह्यात खडीची रॉयल्टी किती, स्फटिकांची नोंद किती, आणि पोकळी सापडल्याचं कळवणारे अर्ज किती. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तर अपील टाकतो.

आणि ज्यांच्या विहिरीत कधी पोकळी लागली असेल त्यांनी मला मेसेज करा. नाव नको, गाव नको. फक्त साल सांगा, किती फुटांवर लागली आणि हातावर किती टेकवले तेवढं सांगा.