खेळातली गाडी आणि रस्त्यावरची गाडी



आजचा विषय पाहून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. व्हिडिओ गेम हा काय लिहिण्याचा विषय झाला? पोरे आधीच मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली असतात, त्यात यांनी आणखी तेल ओतावे! चार-पाच महिन्यांपूर्वीपर्यंत माझेही मत असेच होते. पण आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्याच्या मागोमाग दुसरा. त्या दोन्हींतून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भाईंदर पूर्वेला राहतात. बावीस वर्षे टेम्पो चालवतात. भाईंदरच्या गाळ्यांत तयार होणारा स्टीलच्या भांड्यांचा माल भिवंडीला पोचवायचा, हे त्यांचे काम. टेम्पो स्वतःचा आहे, कर्ज फिटून नुकते वर्ष झाले. माझा मुलगा सोळा वर्षांचा. एका रविवारी आत्याकडे गेला असताना त्याने खुंटीवरची चावी उचलली आणि गल्लीत उभा असलेला टेम्पो चालू केला. टेम्पो गिअरमध्येच होता. क्लच दाबायचा असतो, हे त्याला कुठे ठाऊक? गाडीने पुढे उडी घेतली आणि गटाराच्या कठड्याला थडकून बंद पडली. दोन पावलांवर शेजारची चार वर्षांची मुलगी खेळत होती.

कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण माझ्या बहिणीचे हातपाय तासभर कापत होते. मी मुलाला विचारले, "तुला गाडी येते असे सांगितले कोणी?" तर मान खाली घालून म्हणतो, "पप्पा, मी गेममध्ये रोज चालवतो. पहिला येतो."

त्या दिवशी मी त्याला खूप बोललो. रात्री मात्र त्याचा तो खेळ मागून घेऊन पाहिला. मोबाईल डावीकडे कलवला की गाडी डावीकडे. ॲक्सिलरेटर आपोआप चालू. भिंतीला घासली तर ठिणग्या उडतात, गाडी पुढे पळतच राहते. दुसऱ्या गाडीला धडक दिली तर वर आणखी गुण मिळतात. ब्रेक नावाची गोष्ट आहे, पण तिची गरजच पडत नाही. ज्या मुलाने अशा हजार शर्यती जिंकल्या, त्याला गाडी म्हणजे खेळणे वाटले तर नवल काय?

महिन्याभराने माझ्या धाकट्या भावाने आपले जुने प्लेस्टेशन ४ आमच्याकडे पाठवले, सोबत 'ग्रॅन टुरिस्मो ७' नावाचा खेळ. मी परत पाठवायला निघालो होतो. दाजीच म्हणाले, "राहू द्या. बघू तरी काय आहे ते."

हा खेळ निराळा निघाला. त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आली. काझुनोरी यामाउची नावाच्या माणसाने आपल्या सहकाऱ्यांना घेऊन पाच वर्षे खपून ती तयार केली. खरी गाडी जशी वागते तशी पडद्यावरची वागली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्या पहिल्या आवृत्तीच्या जगभर एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. सातवी आवृत्ती मार्च २०२२ मध्ये आली. गंमत म्हणजे या खेळात पहिल्यापासून लायसन्सची परीक्षा आहे. अगदी पहिला धडा काय? गाडी सुरू करा, वेग घ्या आणि आखलेल्या जागेत थांबवून दाखवा. बस्स!

आमचे चिरंजीव पहिल्या वळणावरच भिंतीत. दुसऱ्यांदा भिंतीत. तिसऱ्यांदा गाडी गरकन फिरून उलट्या तोंडाने उभी. अर्ध्या तासाने कंट्रोलर गादीवर आपटून म्हणाला, "हा रिमोटच खराब आहे. गाडी वळतच नाही."

त्यात थोडे तथ्यही होते. भावाने दिलेला कंट्रोलर चालत नव्हता म्हणून मी एका दुकानातून जुना घेतला होता. त्याची डावी काडी हात न लावताही किंचित डावीकडे झुकलेली असल्यासारखी वागायची. दुकानदाराने परत घ्यायला साफ नकार दिला. हा दोष वापरून झिजलेल्या कंट्रोलरमध्ये नेहमी आढळतो. वाचकांपैकी कोणी जुना घेणार असेल तर दुकानातच जोडून, काडीला हात न लावता गाडी सरळ जाते का ते पाहून मगच पैसे द्यावेत. थोडा दोष असेल तर पुष्कळ खेळांच्या सेटिंगमध्ये 'डेड झोन' असतो. तो थोडा वाढवला की काडीची बारीक थरथर खेळ मोजत नाही. मात्र फार वाढवला तर हलके वळण घेताच येत नाही. आम्ही तो थोडासाच वाढवला आणि गाडी सरळ धावू लागली.

तरीही वळणावर भिंत काही सुटेना. तेव्हा दाजी मागे बसून पाहत होते. ते म्हणाले, "बाळा, रिमोटचा दोष नाही. तू वळणात शिरल्यावर ब्रेक मारतोस. ब्रेक सरळ रस्त्यावर मारून घे, मग वळ, आणि वळण सुटले की मग गॅस दे."

"पण मामा, मग मी मागे पडेन ना!"

"आधी पोच तर खरा."

दाजींचे म्हणणे मी हिशेबाच्या भाषेत सांगतो, कारण बी.कॉम.च्या माणसाला तेवढेच येते. गाडी कितीही मोठी असो, रस्त्याला टेकलेला असतो तो प्रत्येक चाकाचा सुमारे तळहाताएवढा भाग. चार चाके, चार तळहात. त्यांची पकड म्हणजे आपला महिन्याचा पगार समजा. त्यातूनच ब्रेकचा खर्च भागवायचा, त्यातूनच वळण्याचा. सगळा पगार ब्रेकवर उडवला तर वळायला काही उरत नाही. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, पुढची चाके घसरत सरळच जातात. अशा वेळी नवशिका आणखी जोराने स्टिअरिंग फिरवतो, म्हणजे पगार संपल्यावर उधारी वाढवतो. खरा उपाय वेग कमी करण्याचा आणि स्टिअरिंग थोडे सोडण्याचा. उलट, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत वळणाच्या मध्यावर एकदम गॅस दिला तर मागची चाके घसरतात आणि गाडी फिरते. मुलाची गाडी उलट्या तोंडाने उभी राहत होती ती यामुळे.

दुसरी गोष्ट वजनाची. बसने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे कलंडतात. तसेच गाडीचे वजन ब्रेक मारताच पुढच्या चाकांवर येते, गॅस देताच मागे जाते. म्हणून सगळे हळुवार करायचे. दाजी म्हणतात, "गायमुखच्या घाटात पावसात भांड्यांनी भरलेला टेम्पो असतो तेव्हा ब्रेक पायाने नाही, पायाच्या अंगठ्याने मारावा लागतो."

एवढे ज्ञान असलेल्या दाजींच्या हाती मग मुलाने कंट्रोलर दिला. बावीस वर्षांचा ड्रायव्हर पहिल्याच वळणावर भिंतीत! घरातली सगळी हसली. दाजीही हसले, पण दोन-तीनदा करून पाहिल्यावर त्यांनी नेमके कारण सांगितले. टेम्पो घसरायला लागला की ते आधी बुडाखालच्या सीटला कळते, हातातल्या स्टिअरिंगला कळते. इथे सीट हलत नाही. कान, डोळे आणि कंट्रोलरची थरथर, एवढ्यावरच ओळखायचे. शिवाय खऱ्या स्टिअरिंगला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच-तीन फेरे असतात. कंट्रोलरची काडी जेमतेम बोटाच्या पेराएवढी सरकते. तेवढ्यात सगळे वळण बसवायचे, म्हणजे अंगठा केसभर हलला तरी गाडी हातभर हलते.

बाजारात या खेळांसाठी स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल मिळतात. चांगल्या प्रकारचे स्टिअरिंग ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरते आणि आतली मोटर रस्त्याचा जोर हाताला जाणवून देते. मुलाने ते मागितले. किंमत ऐकून मी विषय बदलला. त्यावाचून अडतही नाही. आमच्या घरात जे जमले ते असे:

काडी झटक्याने टोकाला न्यायची नाही, हळूहळू ढकलायची आणि हळूहळूच परत आणायची. गॅस आणि ब्रेक ही बटणे नसून खटके आहेत. बोट जेवढे दाबाल तेवढाच ब्रेक लागतो, हे बोटाला शिकवायचे. पहिले काही आठवडे कमी ताकदीची एकच गाडी आणि एकच रस्ता धरायचा. रोज गाडी बदलली तर चूक गाडीची की आपली, ते कळत नाही. खेळात मदतनीस सोयी असतात. आपोआप ब्रेक, रस्त्यावर आखलेली रेघ, चाक घसरू न देणारी सोय. त्या सगळ्या एकदम बंद करू नयेत, एक सवयीची झाली की दुसरी काढावी. ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणारी एबीएस मात्र चालू ठेवली तरी कमीपणा नाही, आताच्या खऱ्या मोटारींतही ती असतेच.

तीन आठवड्यांनी मुलगा भिंतीत न जाता फेरी पूर्ण करू लागला. त्याहून मोठी गोष्ट एका संध्याकाळी घडली. काशिमिऱ्याच्या नाक्यावर आम्ही रस्ता ओलांडायला उभे होतो. एक मोटारसायकलवाला सुसाट आला. मुलगा मला मागे ओढून म्हणाला, "थांबा पप्पा, त्याला इथे थांबताच येणार नाही." ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ८० वेगाची २२ मीटर. ब्रेक दाबल्यावर लागणारे अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होते. हे गणित त्याने भिंतीला धडकून धडकून शिकले होते, आणि भिंत पडद्यावरची होती म्हणून ते स्वस्तात शिकला.

पण बंधूंनो, इथेच सावध राहायला हवे. असा खेळ खेळून खरेच शर्यतीचा चालक होता येते का? काही जण झाले आहेत. निसान कंपनी आणि या खेळाच्या निर्मात्यांनी २००८ मध्ये खेळाडूंतून चालक निवडण्याची स्पर्धा सुरू केली. इंग्लंडचा यान मार्डनबरो २०११ मध्ये ती जिंकला आणि २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. त्याच्यावर २०२३ मध्ये चित्रपटही आला. पण त्याच मार्डनबरोची गाडी मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या रस्त्यावर हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे पडली आणि एक प्रेक्षक मरण पावला. अशा तयार, प्रशिक्षित माणसाच्या हातूनही असे घडते. खेळात 'पुन्हा सुरू करा' असे बटण असते. रस्त्यावर ते नसते.

आपल्या गल्लीत तर कुंपणही नाही. पोरे, म्हातारी माणसे, भाजीची गाडी, सगळे एकाच रस्त्यावर. खेळ अंतर आणि संयम शिकवतो, पण क्लच, आरसे, अचानक धावत येणारे मूल आणि पोटातली भीती शिकवत नाही. म्हणून खेळात पहिला आलेला मुलगा रस्त्यावर अजून बालवर्गातच आहे, हे त्यालाही सांगावे आणि आपणही विसरू नये.

कायदाही समजून घ्या. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या मोटारीने दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला, हे आपण सर्वांनी वाचले आहे. आमच्या त्या रविवारी टेम्पो दोन पावले पुढे गेला असता तर? शेजाऱ्याचे लेकरू गेले असते. दाजींचा टेम्पो, म्हणजे चार माणसांचे जेवण, वर्षभर बंद पडले असते. आणि माझ्या मुलाचे पुढचे आयुष्य त्या गटाराच्या कठड्यापाशीच अडकले असते.

गाडी शिकणे वाईट नाही. ड्रायव्हिंग हा मानाचा आणि पोटाचा धंदा आहे. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर, म्हणजे खेळासारखेच पण शिकवण्यासाठी बनवलेले यंत्र, आणि सरावाचा स्वतंत्र रस्ता असावा लागतो. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायचा. मुलगा-मुलगी अठरा वर्षांची झाली की अशा ठिकाणी रीतसर पाठवावे. मुलींनाही, हे मुद्दाम सांगतो.

आणखी एक. शर्यतीचा खेळ खेळणे वेगळे आणि पैसे लावून ऑनलाईन खेळणे वेगळे. पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. मुलाच्या मोबाईलवर काय चालले आहे, ते शेजारी बसून पाहावे. ओरडून कळत नाही, बसून कळते.

आता आमच्या घरी रविवारी एक तास खेळ असतो. दाजी कामावरून आले की येतात. परवा त्यांनी पहिल्यांदा भिंतीला न लागता फेरी पूर्ण केली, तेव्हा मुलाने टाळ्या वाजवल्या. टेम्पोची चावी मात्र आता खुंटीवर नसते, दाजींच्या खिशात असते. ती तिथे का असते, हे मुलाने विचारले नाही.