कुलूप म्हणजे राखण नव्हे

‘आम्ही परंपरेचे अभिमानी आहोत’ असे सांगणाऱ्या सुशिक्षितांची आपल्यात वाण नाही, आणि त्यांस ‘पुराणमतवादी’ म्हटले की वाद संपला असे समजणाऱ्यांचीही नाही. आमच्या मते हे दोन्ही पक्ष नुसत्या शब्दांवर निर्वाह करीत आहेत. पहिला पक्ष आपण नेमके कशाचे जतन करू पाहतो हे सांगत नाही. दुसरा ते विचारीत नाही. वस्तुतः ह्या एका नावाखाली परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक वृत्ती नांदत असून, त्यांची पारख करावयास नाशिकाइतके योग्य क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

जतनाच्या विचाराचे मूळ तत्त्व आम्हांस मान्य आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. समाज म्हणजे एका पिढीने आराखडा काढून उभारलेले घर नव्हे. अनेक पिढ्यांचा अनुभव रूढींत आणि संस्थांत साठलेला असतो. त्यापुढे एका पिढीची बुद्धी, ती कितीही तल्लख असो, तोकडीच ठरते. म्हणून जुने मोडू पाहणाऱ्याने ते इतके दिवस का उभे राहिले हे आधी समजून घ्यावे. फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर टीका करताना एडमंड बर्कने १७९० साली इंग्लंडात हीच भूमिका घेतली. परंतु बर्कचा दाखला देणारे आपल्याकडील विद्वान दोन गोष्टी सोयीस्करपणे विसरतात. बदल पचविण्याची शक्ती हा टिकून राहण्याच्या शक्तीचाच भाग होय, असे तो मानीत असे. शिवाय, हिंदुस्थानातील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ ते १७९५ पर्यंत जो खटला चालला, त्यात फिर्यादीचा मुख्य पुरस्कर्ता हाच गृहस्थ होता. हेस्टिंग्ज अखेर निर्दोष सुटला. तथापि, वारसा ही जबाबदारी आहे, बलवानाची सनद नव्हे, ही बर्कची दृष्टी त्यातून स्पष्ट होते.

आपल्याकडे ही दृष्टी कोणापाशी होती? नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्यापाशी, असे आमचे उत्तर आहे. त्यांस सुधारक म्हणून गौरविण्याची वा हिणविण्याची चाल पडली आहे. पण त्यांची रीत पाहावी. धर्म टाकून द्या असे ते म्हणाले नाहीत. भागवत धर्माच्या संतपरंपरेतच त्यांनी आपल्या मतांचे मूळ शोधले. आणि १८९७ साली अमरावतीच्या सामाजिक परिषदेत, जुन्याचे पुनरुज्जीवन करू म्हणणारांस, नेमक्या कोणत्या काळाचे पुनरुज्जीवन करणार, असा रोकडा सवाल त्यांनी टाकला. त्या सवालाचे समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात अद्याप आलेले नाही.

दुसरी वृत्ती लोकमान्य टिळकांच्या नावाशी जोडली जाते. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचे संमतिवय दहावरून बारा झाले, तेव्हा परक्या सरकारने आमच्या समाजात हात घालू नये, समाजाने आपली सुधारणा आपण करावी, हा त्यांच्या विरोधाचा एक मुख्य आधार होता. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. रूढी कोणी बदलावी हा प्रश्न खराच महत्त्वाचा आहे. परंतु असा आक्षेप घेणाऱ्या समाजावर एक कर्ज चढते. ‘आमचे आम्ही करू’ म्हणणाऱ्याने ते करून दाखविले पाहिजे. न केल्यास तो आक्षेप निव्वळ कालहरणाचे साधन ठरतो.

तिसरा पक्ष भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांचे नाव घेतो. त्यांचे अनुयायी स्वतःस परंपरेचे कैवारी समजतात, ह्याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. १९३१ साली रत्नागिरीत सर्व जातींस खुले असे पतितपावन मंदिर उभे करण्यात पुढाकार घेणारे सावरकर पोथीचे प्रामाण्य मानीत नव्हते. राष्ट्राची गरज आणि विज्ञान हीच त्यांची कसोटी होती. ती कोणास पटो वा न पटो, पण त्याला परंपरेचे जतन म्हणता येत नाही. जुने दगड वापरून ते नवेच बांधकाम करणे होय. एका हाती पोथी आणि दुसऱ्या हाती सावरकर घेऊन मिरविणाऱ्यांनी दोहोंपैकी एक तरी नीट वाचावे, एवढीच आमची विनंती.

आता ज्या वृत्तीशी आमचे खरे भांडण आहे तिच्याकडे वळू. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पंचवटीतल्या त्या दारांशी स्त्री-पुरुषांच्या तुकड्या येऊन बसल्या. दारे उघडली नाहीत. त्या वर्षी रामनवमीस रथावरून दंगल झाली, दगडफेक झाली. लढा पुढे वर्षानुवर्षे चालला. अडविणारांचा दावा असा की, आम्ही अनादि परंपरा राखीत आहोत. पण सरदार ओढेकरांनी बांधविलेले हे मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे बर्कच्याच काळातले. त्याला तेव्हा दीडशे वर्षेही झाली नव्हती!

शास्त्राची आडकाठी होती म्हणावे, तर वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्यासारखे पंडित त्याच दशकात शास्त्राच्याच आधाराने अस्पृश्यतेचे खंडन करीत होते. परंपरेच्या पोटातच वाट होती. ती चालावयाची इच्छा नव्हती.

एक आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. मार्च १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनीच गायकवाडांस लिहिले की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून नव्हे, तर त्यांच्यात जागृती यावी म्हणून हा सत्याग्रह होता. ‘पाहा, भक्ती नव्हतीच,’ असे काही जण ह्यावरून म्हणतात. त्यांनी तारीख पाहावी. दार बंद राहिल्यास तेव्हा चार वर्षे झाली होती. नेत्याचा हेतू काहीही असो, उन्हातान्हात दाराशी बसलेल्या सामान्य माणसाने रामावर आपलाही हक्क सांगितला होता. परंपरेचा ह्याहून मोठा सन्मान कोणता? वारसा मागावयास आलेल्यास राखणदारांनी परका ठरविले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यातील येवल्यास डॉ. आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. राखणदारांनी ज्याचे रक्षण करतो म्हटले, त्याची एवढी हानी कोणा नास्तिकाच्याने झाली नसती. आणि मंदिरप्रवेशाचा प्रश्न अखेर सुटला तो कायद्याने: मुंबई सरकारने १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा केला आणि १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यताच नष्ट ठरविली. ‘आमचे आम्ही करू’ ह्या वचनाची अशी वासलात लागली.

ह्याउलट, १८४० साली इंग्रजी अमलात निघालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय घ्या. काल नवे असलेले आज आपल्या अभिमानाचे झाले, कारण आपण त्याला आपल्यात घेतले. परंपरा वाढते ती अशी.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण मुलाबाळांसह काळारामाचे दर्शन घेतात, पाहुण्यांस त्या दगडी बांधकामाचे सौंदर्य दाखवितात. त्यांनी ती दारेही दाखवावीत आणि तेथे कोण बसले होते व त्यांस कोणी अडविले हेही सांगावे. वडिलांची मिळकत घेणाऱ्याने त्यांचे ऋणही फेडावे, हा आपलाच जुना धर्म आहे. जो मिळकत तेवढी घेतो आणि कर्ज लपवितो, त्याने स्वतःस परंपरेचा अभिमानी म्हणवू नये.