थैलीचे तोंड कोण बांधतो?

माझा आतेभाऊ चढाई चांगली करतो. जत्रेतल्या कबड्डी सामन्यांना त्याला आसपासच्या गावांहून बोलावणे येते. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईला प्रो कबड्डीचा लिलाव झाला आणि तेलुगू टायटन्स संघाने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये मोजले. तेव्हापासून त्याचे पुस्तकातले लक्ष जे उडाले ते उडालेच. आत्या म्हणते, "एवढा पैसा असंल तर खेळू द्या की लेकराला." मी अर्थशास्त्र घेतले आहे, म्हणून हा वाद अखेर माझ्यापुढे येतो.

वाद मिटवायला म्हणून मी हिशोब मांडू लागले आणि माझेच मत थोडे बदलले. तो हिशोब येथे देते.

लिलावात मालकाने कितीही पैसा ओतावा अशी सोय नाही. प्रत्येक संघाला एक ठराविक रक्कम मिळते. वर्तमानपत्रे तिला पर्स म्हणतात, आपण थैली म्हणू. 2023 च्या दहाव्या हंगामात ही थैली 4 कोटी 40 लाखांवरून 5 कोटींची झाली. त्यातच 18 ते 25 खेळाडूंचा संघ बांधायचा. पवनचे पैसे वजा जाता टायटन्सकडे 2 कोटी 39 लाख 50 हजार उरले. उरलेले निदान 17 खेळाडू त्यात बसवायचे म्हटले तर माणशी सरासरी 14 लाख पडतात. आता निकाल पाहा. टायटन्सने त्या हंगामात 22 पैकी फक्त 2 सामने जिंकले आणि 12 संघांत ते तळाला राहिले. पवन वाईट खेळला असे मी म्हणत नाही. पण कबड्डीत सात जण मैदानात उतरतात, एकट्या चढाईपटूने पकड कशी करायची?

त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतले. थैलीचा जवळजवळ अर्धा भाग गेला. तरीही 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पुणे विजेते झाले. हे जमले कसे? कारण त्यांचा कर्णधार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत, आकाश शिंदे यांच्यासारखी पोरे त्या वर्षी लिलावात उतरलीच नव्हती. संघाने त्यांना तरुण राखीव खेळाडू म्हणून आधीच ठेवून घेतले होते. मर्यादा असल्यामुळेच शहाणा संघ कोवळी पोरे शोधतो, त्यांना शिकवतो, सांभाळतो. हा मर्यादेचा गुण मला कबूल आहे. ती नसती तर सर्वांत श्रीमंत मालकाने सगळे चांगले खेळाडू उचलले असते आणि सामने बघायला कोणी बसले नसते.

पण या गुणाची किंमत कोण मोजतो? करंडक उचलणाऱ्या कर्णधारावर त्या वर्षी बोलीच लागली नाही. ज्याच्यावर बोली लागत नाही, त्याचा भाव बाजाराला कळत नाही.

वेतनमर्यादेची ही पद्धत अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये फार जुनी आहे. तिथल्या एनबीएमध्ये 1984-85 च्या हंगामात ती लागू झाली, तेव्हा संघामागे 36 लाख डॉलर होते. 2024-25 मध्ये हाच आकडा 14 कोटी 5 लाख 88 हजार डॉलर झाला. आपला खेळाडू राखायचा असेल तर काही सवलतींनी मर्यादा ओलांडता येते. फारच ओलांडली तर दंडासारखा कर भरावा लागतो. हे तपशील बाजूला ठेवू. मला महत्त्वाची वाटते ती मुळातली अट. खेळाडूंच्या संघटनेने मर्यादा मान्य केली ती लीगच्या उत्पन्नातला 53 टक्के वाटा लिहून घेऊन. आजही हा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. उत्पन्न वाढले की मर्यादा आपोआप वाढते. शिवाय संघाला मर्यादेच्या 90 टक्के तरी खर्च करावाच लागतो. म्हणजे वर छप्पर आहे, तशी खाली जमीनही आहे.

आपल्याकडे खाली काही नाही असे नाही. दहाव्या हंगामात सर्वांत खालच्या 'ड' गटाची मूळ किंमत 9 लाख होती आणि खेड्यातल्या पोराला 9 लाख थोडे नाहीत. 2014 च्या पहिल्या हंगामात सर्वांत महागडा ठरलेल्या राकेश कुमारला 12 लाख 80 हजारच मिळाले होते, हेही विसरता येत नाही. पण दुसरीकडे पाहा. 2021 ते 2025 या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क सुमारे 908 कोटींना गेले. वर्षाला साधारण 180 कोटी. बारा संघांच्या थैल्या मिळून 60 कोटी. प्रवास, प्रशिक्षक, मैदाने यांना खर्च लागतो हे मान्य. पण 5 कोटी हा आकडा उत्पन्नाच्या कोणत्या वाट्यावरून काढला, हे विचारायला खेळाडूंच्या बाजूने टेबलावर कोण बसते? (मुलींच्या कबड्डीबद्दल तर बोलायलाच नको. 2016 साली तीन संघांची छोटीशी स्पर्धा तेवढी याच लीगबरोबर झाली होती.)

माझे वडील मोंढ्यात हमाली करतात. एका रात्री जेवताना मी त्यांना हे सगळे सांगितले. कोटींचे आकडे त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "त्या कमिटीत हमालाचा माणूस कोण हाय?"

मला आधी हसू आले. मग लक्षात आले की प्रश्न बरोबर आहे. बाजार समितीच्या संचालक मंडळावर हमाल-मापाड्यांचा एक प्रतिनिधी निवडून जातो. एकच जागा, पण आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना एकत्र केले आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातून जी मंडळे आली त्यांवर मालक आणि कामगार यांचे सारखेच प्रतिनिधी असतात. पाठीवर पोते वाहणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या माणसांनी हे मिळवले. मग दूरदर्शन संचावर लाखो लोक ज्यांचे नाव घेऊन ओरडतात, त्या खेळाडूंना ते का मिळू नये? मर्यादा ठेवा, जरूर ठेवा. पण ती उत्पन्नाच्या वाट्याला बांधा आणि गाठ मारताना खेळाडूचाही हात दोरीवर असू द्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे सारे मी आतेभावालाही ऐकवले. 14 लाखांच्या सरासरीपाशी तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "तायडे, आधी निवड तर होऊ दे, मग तुझी संघटना काढू." पुढच्या महिन्यात तो जिल्ह्याच्या निवड चाचणीला नांदेडला जाणार आहे. बारावीचा फॉर्म मात्र त्याने भरला आहे. फी मी स्वतः नेऊन दिली.