मोठा मॉनिटर: आधी फोटो, मग गेम

सॉफ्टवेअरवाला माणूस नात्यात असला की त्याला हार्डवेअरही येतंच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. प्रिंटर अडकला, विचारा. वायफाय चालत नाही, विचारा. मी दिवसभर जावा लिहितो. प्रिंटरशी माझा संबंध चारचौघांइतकाच, म्हणजे शिव्या घालण्यापुरता. मॉनिटर हा विषय मात्र मला मनापासून आवडतो, कारण दिवसातले दहा तास त्याच्याकडेच बघत बसायचं असतं. त्यामुळे गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, "दादा, चौतीस इंची कर्व्ह्ड अल्ट्रावाइड घेतोय, एकदा बघून सांग", तेव्हा मी शनिवारची अख्खी सकाळ त्यात घातली. आणि शेवटी त्याला सांगितलं, घेऊ नकोस. का, ते जरा सविस्तर लिहितो.

हा पठ्ठ्या दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून लग्नांचे फोटो काढायला लागला. दिवसा फोटो एडिट करायचे, रात्री गेम खेळायचे. खोली एक, टेबल एक, मॉनिटर एक, आणि बजेट तर एकच. गेल्या सीझनमध्ये त्याचा एक अल्बम छापून आला तो काळपट. मांडवातले चेहरे संध्याकाळी सातचे वाटावेत असे. मुलीकडच्यांनी अल्बम परत केला, याने स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून दिला. त्या लग्नात कमावलेलं बरंचसं तिथेच गेलं. लॅबवाला म्हणाला, आमच्या मशिनमध्ये दोष नाही. आणि खरंच नव्हता. म्हणून साहेबांनी ठरवलं की आता मोठा, महागडा मॉनिटर आणायचा म्हणजे प्रश्न सुटेल.

मोठ्या मॉनिटरने हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढूही शकतो.

बघा, मॉनिटर खोक्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचा उजेड कमाल पातळीवर किंवा त्याच्या जवळपास असतो. दुकानात ट्यूबलाइटखाली ओळीने वीस मॉनिटर लावलेले असतात, त्यात जो जास्त चमकतो तो विकला जातो. साध्या मॉनिटरचाही कमाल उजेड अडीचशे-तीनशे निट असतो, गेमिंगवाल्यांचा त्याहून जास्त. आणि घरातल्या बेताच्या उजेडात हातात धरलेला पांढरा कागद? फोटोचं काम करणारे लोक कागदाशी जुळवायला मॉनिटर साधारण ८० ते १२० निटवर ठेवतात. एसआरजीबी हे रंगांचं प्रमाण १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं, त्यात तर पडदा ८० निटचाच धरलेला आहे. म्हणजे तीनशे निटच्या पडद्यावर फोटो छान उजळ दिसतो, माणूस तो थोडा खाली ओढतो, सावल्या गडद करतो, आणि कागदावर अंधार उतरतो. काळपट अल्बमचं रहस्य इतकंच. त्याच्या जुन्या मॉनिटरची ब्राइटनेस शंभरावर होती, घेतल्या दिवसापासून.

दुसरी भानगड रंगांची. हल्ली खोक्यांवर "१२५% एसआरजीबी" वगैरे छापलेलं असतं. ग्राहकाला वाटतं, शंभरपेक्षा सव्वाशे बरे. याचा अर्थ एवढाच की हा पडदा एसआरजीबीच्या बाहेरचेही रंग दाखवू शकतो. पण सव्वाशे टक्के हे क्षेत्रफळ झालं. त्यात एसआरजीबीचे सगळे रंग बसतातच असं नाही. आणि समोरच्या पडद्याचा खरा आवाका किती, हे विंडोजला किंवा लाइटरूमला माहीत नसेल, म्हणजे योग्य प्रोफाइल बसवलेलं नसेल, तर साधा लालसुद्धा ताणून भडक दाखवला जातो. नवरीचा शालू पेटल्यासारखा दिसतो. हळदीच्या फोटोत सगळ्यांना कावीळ. मग हा बाबा सॅच्युरेशन कमी करतो, आणि छापून येतो तो दहा वेळा धुतलेला शालू.

लग्नाच्या फोटोत हे फारच झोंबतं. निसर्गचित्रात आकाश थोडं जास्त निळं झालं तर कोणी तक्रार करत नाही. पण पैठणी कपाटात असते! काकू ती बाहेर काढतात आणि अल्बमशेजारी धरून बघतात.

आता येऊ रुंदीकडे. इंच हा मॉनिटरच्या जगातला सगळ्यात फसवा आकडा आहे, कारण तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. पडदा जितका लांबट, तितकं तेवढ्याच इंचांत क्षेत्रफळ कमी. ३४ इंची अल्ट्रावाइड (३४४० बाय १४४०) सुमारे ३१.४ इंच रुंद आणि १३.१ इंच उंच असतो. गुणाकार करा, साधारण ४११ चौरस इंच. साधा १६:९ चा ३२ इंची घ्या: २७.९ बाय १५.७, म्हणजे ४३७ च्या आसपास. दोन इंचांनी "लहान" असलेला मॉनिटर प्रत्यक्षात मोठा! आणि २७ इंची १६:९ ची उंची किती, तर १३.२ इंच. चौतीस इंचीपेक्षा कणभर जास्तच. पिक्सेलची घनताही दोघांची सारखी, इंचाला १०९ च्या आसपास.

बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ असतो. चौतीस इंचीवर तो पूर्ण उंचीत लावला तर १९.७ इंच रुंद होतो. सत्तावीस इंचीवर १९.८. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून फोटो एका केसानेही मोठा होत नाही. उभा फोटो असेल (आणि नवरा-नवरीचे निम्मे फोटो उभेच असतात) तर अल्ट्रावाइडवर त्याच्या दोन्ही बाजूंना मैदान मोकळं.

भाऊ म्हणाला, "पण दादा, त्या मोकळ्या जागेत लाइटरूमची पॅनेल्स बसतात ना." बरोबर आहे. अल्ट्रावाइडच्या बाजूने फोटोवाल्यांचा हा एकच खरा मुद्दा आहे आणि तो मी मान्य करतो. व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना तर लांब टाइमलाइन मिळते, त्यांची गोष्टच वेगळी. पण लाइटरूम क्लासिकमध्ये टॅबची कळ दाबली की बाजूची पॅनेल्स गायब होतात, पुन्हा दाबली की परत येतात, आणि ही कळ फुकट आहे.

आणि तो बाक! १८००आर म्हणजे १.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, १०००आर म्हणजे एक मीटरच्या. आकडा लहान तितका बाक जास्त. गेममध्ये मजा येते, कबूल. पण मांडवाचे खांब, देवळाची पायरी, समुद्राची रेघ सरळ आहे की नाही हे वाकलेल्या पडद्यावर ठरवायचं? लोक म्हणतात, आठवड्यात डोळ्याला सवय होते. नेमकी तीच सवय मला नको आहे.

(थोडं विषयांतर: २००५-०६ च्या सुमारास १९२० बाय १२०० चे चोवीस इंची मॉनिटर आले तेव्हा आम्ही कोड लिहिणारे खूश होतो. मग टीव्हीच्या मापाचे १६:९ पडदे स्वस्त पडायला लागले आणि आमच्या खालच्या १२० ओळी गेल्या. त्या अजून डोक्यात आहेत. असो.)

आता गेम. इथे माझं मत ठाम आहे: एकाच पडद्याकडून दोन्ही कामं करून घ्यायची असतील तर निवड फोटोच्या बाजूने करावी आणि उरेल ते गेमला द्यावं. कारण आज उरतंही भरपूर. पूर्वी रंगांसाठी आयपीएस पॅनल आणि वेगासाठी टीएन पॅनल अशी सरळ वाटणी होती. टीएनवर मान थोडी वर-खाली केली तरी रंग बदलायचे. आता १४४ किंवा १८० हर्ट्झचे आयपीएस मॉनिटर मध्यम किमतीत मिळतात. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९. म्हणजे जवळजवळ दहा मिलिसेकंदांची बचत, जी कोणालाही दिसते. १४४ वरून २४० वर गेलात तर ४.२. बचत तीनहून कमी. स्पर्धेत उतरणार असाल तर घ्या. आणि गंमत म्हणजे काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी व्यावसायिक खेळाडू चोवीस इंची पडद्यावर ४:३ चं चित्र ताणून खेळतात. रुंदी गेली उडत! गाड्यांच्या गेममध्ये मात्र अल्ट्रावाइडची मजा निराळीच आहे, खोटं कशाला बोलू.

व्हीए पॅनलचा काळा रंग आयपीएसपेक्षा पुष्कळ गडद असतो (काँट्रास्ट साधारण तीन हजारास एक, आयपीएसचा हजारास एक), पण अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे डाग ओढल्यासारखे दिसतात आणि तिरकं बघितलं की सावल्या बदलतात. ओलेड बघून जीव जातो, इतकं सुंदर दिसतं. पण ज्याच्या पडद्यावर लाइटरूमची तीच ती करडी पॅनेल्स रोज आठ तास तशीच उभी राहणार, त्याला मी बर्न-इनची भीती अंगावर घ्यायला सांगणार नाही. "एचडीआर ४००" च्या स्टिकरला एक पैसाही जास्त देऊ नका. त्या पातळीला पडद्याचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करता येण्याची अटच नाही, आणि त्याशिवाय एचडीआर नुसतं नावाला.

मग त्याने काय घ्यावं? ग्राफिक कार्ड दणकट असतं तर मी ३२ इंची ४के म्हटलं असतं. पण ४के म्हणजे १४४०पीच्या सव्वादोनपट पिक्सेल. त्याचं मध्यम कार्ड तिथे धापा टाकणार, मग पुढच्या वर्षी कार्डही घ्या. म्हणून: २७ इंची, २५६० बाय १४४०, सपाट, आयपीएस, १४४ हर्ट्झ किंवा थोडा वर, ॲडाप्टिव्ह सिंक असलेला. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही साध्या ॲडाप्टिव्ह सिंकवर चालतात, तेव्हा जी-सिंकसाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. मेनूत एसआरजीबी मोड हवा, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता यायला हवी. काही मॉनिटर ती तिथे कुलूपबंद करतात. खरेदीआधी हे विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर लावून दाखवायला सांगा.

वाचलेल्या पैशांत कॅलिब्रेटर. स्पायडर घ्या नाहीतर कॅलिब्राइट, पडद्यावर टेकवायचं एक छोटं यंत्र असतं. ते रंग मोजतं आणि त्या मॉनिटरचं स्वतःचं प्रोफाइल बनवून देतं. लक्ष्य: १०० निट, ६५०० केल्व्हिनचा पांढरा, गॅमा २.२. महिन्यातून एकदा मोजायचं, कारण पॅनल हळूहळू बदलत जातं. मॉनिटरला पैसे द्यायला लोक तयार असतात, या यंत्राला मात्र नसतात, कारण ते टेबलावर मिरवता येत नाही. त्याला मी सरळ विचारलं, एक अल्बम पुन्हा छापायला किती गेले? पुढे वाद झाला नाही.

शंभर निटवर पहिले दोन दिवस पडदा मरगळलेला वाटतो. वाटू दे. पडद्यासमोरची खिडकी झाका, डोक्यावरची ट्यूब पडद्यात चमकत असेल तर टेबल फिरवा, विंडोजचा नाइट लाइट एडिटिंगच्या वेळी बंद ठेवा. लॅबकडून त्यांचं प्रोफाइल मागून घ्या आणि सगळा अल्बम पाठवण्याआधी चारच फोटो छापून आणा: एक हळदीचा, एक शालूचा, एक रात्रीच्या वरातीचा, एक काळ्या कोटातल्या नवरदेवाचा. ते पडद्याशेजारी धरून बघा. रात्री गेमसाठी मॉनिटरच्या मेनूत वेगळा मोड ठेवा, तिथे हवी तेवढी ब्राइटनेस वाढवा, सकाळी आठवणीने परत फिरवा.

खोकं आल्या दिवशी एक काम करायचंच: पूर्ण पडदा आधी काळा, मग पांढरा, लाल, हिरवा, निळा करून जवळून बघायचा. अडकलेला पिक्सेल, कोपऱ्यातून गळणारा उजेड, एका बाजूला पिवळसर झाक, जे काय असेल ते त्याच दिवशी दिसतं. एक-दोन ठिपके असले तर बऱ्याच कंपन्या वॉरंटीत मॉनिटर बदलून देत नाहीत, पण विकणाऱ्याची परतीची मुदत असते. ती संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल माळ्यावर ठेवा, आईने रद्दीत घातलं तरी परत आणा :-)