वस्तूचे रूपक आणि रूपकाची वस्तू

साहित्यशास्त्रातील एखादी संज्ञा अन्य ज्ञानशाखेने उचलली की साहित्यसमीक्षेला स्वतःचे राज्य विस्तारल्याचा आनंद होतो. 'रूपक' या संज्ञेबाबत गेली चार दशके हेच घडत आले आहे. १९८४ साली क्लाउस क्रिपेनडॉर्फ आणि राइनहार्ट बुटर यांनी औद्योगिक अभिकल्पाच्या, म्हणजे बोलीतील डिझाइनच्या, क्षेत्रात 'वस्तूंचा अर्थविचार' ही संकल्पना मांडली. १९८७ साली मुंबईच्या आय. आय. टी.तील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरने याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि तिला 'अर्थाय' असे संस्कृत नाव दिले. २००४ साली डोनाल्ड नॉर्मन यांचा भावनिक अभिकल्पावरील ग्रंथ आला. या सर्व मांडणीचे बाजारात रुळलेले सार असे : वस्तूने केवळ काम करू नये, तिने बोलावे, ती बोलते ती रूपकातून, आणि रूपकातून बोलणारी वस्तू वापरणाऱ्याच्या मनात भाव जागवते. हे सार साहित्यसमीक्षेने जवळजवळ बिनतक्रार मान्य केले. कवी आणि अभिकल्पक हे दोघे एकाच कुळातले ठरले. हे कुळसाम्य तपासून पाहणे आता टाळता येण्यासारखे नाही.

प्रथम प्रतिपक्षाचे सर्वांत भक्कम उदाहरण घ्यावे. मायकेल ग्रेव्ह्ज या अमेरिकन वास्तुरचनाकाराने १९८५ साली अलेस्सी या इटालियन कंपनीसाठी पाणी उकळण्याची किटली घडवली. तिच्या तोटीवर लाल प्लास्टिकचा एक छोटा पक्षी बसलेला आहे. पाणी उकळले की वाफेने शिटी वाजते आणि पक्षी गातो. ही किटली अलेस्सीच्या सर्वाधिक खपलेल्या वस्तूंपैकी एक ठरली. शिटीला पक्ष्याचे रूप मिळाल्यामुळे सकाळच्या चहाला प्रसन्नतेची जोड मिळाली, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. ती प्रसन्नता नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, तिला रूपकाची प्रसन्नता म्हणावे काय?

मम्मटाने लक्षणेसाठी तीन अटी घातल्या आहेत : मुख्यार्थाला बाध यावा, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा संबंध असावा, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी काहीतरी असावे. यांतील पहिली अट कळीची आहे. शब्दाचा सरळ अर्थ अडखळतो, म्हणूनच वाचकाला दुसरीकडे वळावे लागते. त्या वळण्यातच काव्यव्यापार सुरू होतो. किटलीच्या बाबतीत अडखळते काय? काहीच नाही. पाणी उकळते, शिटी वाजते, हात दांड्याकडे जातो. पक्षी काढून साधी शिटी बसवली तरी वस्तूचा 'मुख्यार्थ' अबाधित राहतो. येथे संबंध आहे, कारण शिटी आणि पक्षी दोघेही आवाज करतात. प्रयोजनही आहे, परंतु ते किटलीत नसून दुकानाच्या फळीवर आहे : शेजारच्या दहा किटल्यांपेक्षा ही उठून दिसावी. बाध मात्र नाही. ज्याला रूपक म्हटले जाते ते येथे वरून चढवलेले भूषण आहे. भूषण असणे हा गुन्हा नाही, पण काव्यशास्त्राने हारादी अलंकार आणि व्यंजनाव्यापार यांच्यातील भेद हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवला आहे.

यावर असा आक्षेप येईल की, जेथे बाध खरोखर येतो अशाही वस्तू आहेत. आहेत, आणि त्यांनीच या सिद्धान्ताची कोंडी होते. फिलीप स्टार्कचा १९९० सालचा लिंबू पिळण्याचा साचा पाहावा. तीन लांब पायांवर उभे असलेले हे ॲल्युमिनियमचे माखलीसारखे प्रकरण नॉर्मन यांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर विराजमान झाले. त्यात बिया अडवण्याची सोय नाही, रस साठवायला भांडे नाही. ते लिंबू पिळण्यासाठी नसून संभाषण सुरू करण्यासाठी आहे, असे वचन स्टार्कच्या नावावर सांगितले जाते. नॉर्मन यांच्या संग्रही त्याची सोनेरी मुलाम्याची आवृत्ती होती. आम्ल पदार्थाच्या स्पर्शाने मुलामा खराब होईल, तेव्हा ती वापरू नये, अशी सूचना तिच्यासोबत होती. लिंबाचा स्पर्श वर्ज्य असलेले लिंबूयंत्र! येथे मुख्यार्थाला पुरता बाध आला, पण त्याच क्षणी वस्तू उपकरण राहिली नाही, शिल्प झाली. म्हणजे बाध नसेल तर रूपक नाही, आणि बाध असेल तर रोजच्या वापरातली वस्तू नाही. 'दैनंदिन वस्तूचे रूपक' हा पक्ष दोन्ही बाजूंनी अडतो.

संगणकाच्या पडद्यावरील 'डेस्कटॉप'चा दाखला देऊन ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न होतो. झेरॉक्स स्टार (१९८१) आणि ॲपल मॅकिंटॉश (१९८४) यांनी पडद्याला टेबलाचे, फायलींना कागदांचे रूप दिले आणि ते वापराला उपकारक ठरले, हे खरे आहे. पण ते कशामुळे उपकारक ठरले? रूपक मेल्यामुळे. आज 'फोल्डर' म्हणताना कोणालाही पुठ्ठा आठवत नाही. ती निरूढ लक्षणा झाली. जेथे रूपक जिवंत राहिले तेथे त्याने अडथळाच केला. जुन्या मॅकिंटॉशवर फ्लॉपी बाहेर काढण्यासाठी तिचे चिन्ह कचऱ्याच्या डब्यात ओढावे लागे, आणि सगळी माहिती पुसली जाईल या भीतीने नवख्यांचा हात थबके. पुढच्या प्रणालीत तबकडीचे चिन्ह ओढताच कचऱ्याच्या डब्याच्या जागी वेगळे चिन्ह दिसू लागले. कवितेत जे सामर्थ्य ठरते तेच उपकरणात दोष ठरते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

या गोंधळाचे मूळ अभिकल्पकांपेक्षा सिद्धान्तकारांकडे आहे. लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० साली रूपक हा भाषेचा अलंकार नसून विचाराचाच व्यापार आहे, एका गोष्टीच्या आधाराने दुसरी समजून घेणे म्हणजे रूपक, असे प्रतिपादन केले. भाषाविज्ञानाला त्याचा लाभ झाला. परंतु त्या विस्तारात बाधाची अट गळून पडली. अट गळाली की कशालाही रूपक म्हणता येते, आणि ज्याला कशालाही लावता येते ती संज्ञा समीक्षेच्या उपयोगाची राहत नाही.

आता 'भावा'कडे वळावे. रसविचाराचा आधार घेऊन किटलीतही रसनिष्पत्ती पाहण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण भट्टनायकापासून अभिनवगुप्तापर्यंतच्या विवेचनात साधारणीकरणाची अट अटळ आहे : हा भाव माझा, हा शत्रूचा, हा परक्याचा, असे संबंध गळून पडल्याशिवाय रस नाही. स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे अभिनवगुप्ताने रसविघ्नांत मोजले आहे. उलट नॉर्मन यांच्या तीन पातळ्यांपैकी सर्वांत वरची, चिंतनाची, पातळी ही माणसाच्या आत्मप्रतिमेशी निगडित आहे : ही वस्तू बाळगणारा मी कोण? म्हणजे जे ममत्व रसाचे विघ्न, तेच येथे फलश्रुती. विकत घेतल्याशिवाय पूर्ण न होणाऱ्या भावाला रस म्हणणे हा काव्यशास्त्राचा विस्तार नव्हे, त्याचा लिलाव आहे.

आणि हे रूपक निरुपद्रवीही नसते. अलेस्सान्द्रो मेंदिनी यांनी १९९४ साली अलेस्सीसाठीच घडवलेला 'ॲना जी.' हा बूच काढण्याचा स्क्रू झगा घातलेल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या स्त्रीच्या आकाराचा आहे. तिचे डोके पिरगाळले की स्क्रू बुचात शिरतो आणि तिचे हात वर उचलले जातात. ते खाली दाबले की बूच निघते. हे पाहून ग्राहकाने हसावे, एवढीच अपेक्षा आहे. पिरगाळली जाणारी मान स्त्रीचीच का, आणि तरीही ती हसते का, हा प्रश्न 'भावनिक आवाहना'च्या परिभाषेत विचारताच येत नाही. रोलाँ बार्थने १९५७ साली सित्रोएन मोटारीची तुलना गॉथिक कॅथीड्रलशी केली ती मोटार खपावी म्हणून नव्हे, तर तिच्याभोवतीचे मिथक उघडे पडावे म्हणून. समीक्षकाचे रूपक पडदा दूर करते, विक्रेत्याचे पडदा विणते. दोघांना एका नावाने हाक मारली की समीक्षकाचे काम संपते.

मग वस्तूंना भाव नसतोच काय? असतो. पण तो घडणीच्या वेळी भरला जात नाही, वापरातून साचतो. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात लोट्याचा गौरव केला. तो करताना लोटा कशासारखा दिसतो याची चर्चा त्यांनी केली नाही. तो कमरेवर कसा बसतो, कसा ओतला जातो, कसा घासला जातो, हे प्रश्न विचारले, आणि तो कोणा एका माणसाने नव्हे तर पिढ्यांनी घडवला असे नोंदवले. मराठी स्त्रीने तर जात्याला देव म्हटले, त्याच्यापाशी माहेर-सासर बोलून दाखवले. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रकल्पात जमलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या याची साक्ष देतात. येथे बाध आहे, कारण दगड हा देव नव्हे. आणि दळणाऱ्या हाताला ते पुरते ठाऊक आहे. जात्याच्या कष्टांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ओवीच ते करत नाही. ती कष्ट सांगते. नेमके हेच महत्त्वाचे : ते रूपक वापरणारीने घडवले, त्याने श्रम झाकले नाहीत, आणि पाथरवटाने ते किमतीत धरले नाही.

क्रिपेनडॉर्फ यांनीही वस्तूचा अर्थ वापरणाऱ्याच्या व्यवहारात शोधला होता, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. बाजाराने तो व्यवहार वगळला आणि अर्थ पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून विकायला ठेवला. साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी यातील धोका दूरचा नाही. रूपकाचे कार्य 'आवाहन' हेच ठरले, तर उद्या कवितेतील रूपकही किती आवाहक आहे या मापाने मोजले जाईल. जे रूपक वाचकाला अडवते, दुखवते, त्याच्या ताब्यात जात नाही, ते सदोष ठरेल. उपकरणाचा दोष कवितेला चिकटेल.

'अर्थाय' ही चतुर्थी आहे : अर्थासाठी. संस्कृतात अर्थ म्हणजे आशय, अर्थ म्हणजे प्रयोजन आणि अर्थ म्हणजे धनही. मुंबईच्या परिषदेने पहिला अर्थ मनात धरला असेल. बाजाराने तिसरा धरला. साहित्यसमीक्षेने 'रूपक' हा शब्द यापुढेही इतरांना वापरू द्यावा, मात्र बाधाच्या अटीसह. ती अट ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी 'नक्षी' हा मराठी शब्द उपलब्ध आहे.